खडा कोठे शे?

परवा संध्याकाळी मी आठवीच्या गणिताच्या पुस्तकात छपाईची चूक शोधून काढली. आमच्या गौरीला एक समीकरण अडलं होतं: ५x − ७ = २x + ८. मी इतिहासाचा मास्तर, पण घरात बापाला सगळेच विषय यावे लागतात. ऐटीत वही ओढली, x सगळे अलीकडे घेतले, आकडे पलीकडे ढकलले, ५x − २x = ८ − ७ असं लिहिलं आणि उत्तर काढून दाखवलं: एक तृतीयांश. गौरीनं पुस्तकाचं मागचं पान उघडलं. तिथे ५ होतं.

"छपाईची चूक," मी म्हणालो. "हल्ली कोणी तपासतच नाही."

माझी बायको सुनंदा समोर बसून मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कळवा त्यांना. तुमचीच वाट बघत असतील."

गौरीला दोघांच्या बोलण्यात रस नव्हता. तिनं सरळ विचारलं, "बाबा, चुकलं असेल तर कुठे चुकलंय?"

आणि मला व्ही. एन. सर आठवले. कारण हा प्रश्न मी एरंडोलच्या आमच्या शाळेत वर्षानुवर्षं नाही, पण रोज ऐकला होता, आणि तोही अहिराणीत. गणिताच्या तासाला त्यांचा आवाज भिंतीपलीकडून माझ्या पानिपतात घुसायचा: "खडा कोठे शे?" खडा कुठे आहे?

त्यांना व्ही. एन. म्हणायचं कारण असं की आमच्या स्टाफरूममध्ये "पाटील सर" अशी हाक मारली की निम्म्या खोलीचे चहाचे कप थांबत. म्हणून सगळ्यांची आद्याक्षरं. व्ही. एन. मूळचे शिंदखेड्याकडचे. अंगानं काटकुळे, शर्टाच्या उजव्या बाहीवर कायम खडूची भुकटी, आणि चालताना मान किंचित तिरपी, जणू रस्त्याचीही दुसरी बाजू पहिलीएवढी आहे का ते बघताहेत. जळगावात मेहरूणला आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचे. सकाळची एरंडोलची बस आम्ही बरोबर पकडत असू.

त्यांच्या वर्गात रोज एक खडा असायचा. म्हणजे असं की ते फळ्यावर एक समीकरण सोडवत आणि त्यातली एक ओळ मुद्दाम चुकीची लिहीत. कोणती, ते सांगायचं नाही. घंटा व्हायच्या आत वर्गानं ती शोधायची. सापडली की शोधणाऱ्यानं फळ्याजवळ येऊन त्या ओळीच्या डावीकडे डाळीएवढा ठिपका द्यायचा. फुली नाही. लाल शाई नाही. ठिपका.

ही कल्पना त्यांनी आईकडून उचलली होती. म्हातारी कधीमधी शिंदखेड्याहून येऊन राहायची, आणि मुलाच्या खोलीच्या दारात बसून ताटातले तांदूळ निवडायची. मी एकदा म्हणालो, "आई, आता पाकिटातले तांदूळ स्वच्छ येतात." तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाऊ, जो खडा काढस तो जेवस. बाकीना दात चाचपतस." त्यानंतर मी आठवडाभर घरी भात जपून चावत होतो.

पण सरांची खरी करामत खडा टाकण्यात नव्हती, शोधण्याच्या रीतीत होती. आपण सगळे चूक वरून शोधतो, पहिल्या ओळीपासून, आणि जी डुलकी लिहिताना लागली तीच वाचतानाही लागते. सर म्हणत, खालून निघा. जे उत्तर आलं ते हातात घ्या आणि एकेक ओळ वर चढत विचारा: तुझ्याकडे हे चालतं का? x च्या जागी ठेवून बघा. दोन्ही बाजू सारख्या आल्या की ती ओळ खरी, पुढची पायरी चढा. जिथे पहिल्यांदा दोन्ही बाजू फुटतील, तिथे थांबा. खडा त्या ओळीच्या आणि तिच्या खालच्या ओळीच्या मध्ये आहे.

"आणि एकदा फुटलं की वरपर्यंत फुटलेलंच असतं," ते सांगत. "कारण फुटलेल्या ओळीच्या वरचं सगळं खरं गणित आहे, आणि तुमचं उत्तर खोट्याचं आहे."

मला हे कळायला फार वेळ लागला. मुलांना लागला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना मुळीच खपत नसे. मुलं म्हणत, "सात पलीकडे गेला की चिन्ह बदलतं." सर खडू खाली ठेवत. "सात काय बस पकडून गेला? कोण्या स्टँडवर उतरला? चिन्ह बदललं ते कोणी बघितलं? दोन्ही बाजूंना सात मिळवले, असं म्हण!" परवाचा माझा सात बसनंच गेला होता आणि चिन्ह घरी विसरला होता, हे इथे नमूद करून ठेवतो.

बसवरून आठवलं. एकदा आम्हाला दोघांना धुळ्याला प्रशिक्षणाला जायचं होतं, वेळेवर हजर राहणं सक्तीचं. जळगावच्या स्टँडवर मी सूत्रं हातात घेतली. "पाटी बघायची गरज नाही सर, मला हे स्टँड पाठ आहे." पाळधीला बस महामार्ग सोडून धरणगावच्या रस्त्याला लागली तेव्हा समजलं की आम्ही अमळनेरच्या गाडीत बसलो आहोत. मी आधी कंडक्टरवर चिडलो, मग महामंडळावर, मग नशिबावर. पुढच्या थांब्यावर उतरून म्हणालो, "जाऊ द्या, जळगावला परत जाऊ. आज दिवसच चुकलाय."

सर शांतपणे पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "पहिल्या ओळीपासून कशाला, भाऊ? पाळधीलोंग बठ्ठं बरोबर शे. आपल्याला फक्त फाट्यापर्यंत जायचंय."

कपाशीच्या शेतांमधून आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो आणि धुळ्याची गाडी धरली. उशीर झाला, पण थोडाच. वर्गातही ते चुकलेल्या मुलाला हेच म्हणत. वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून: "आठलोंग बठ्ठं बरोबर शे." इथपर्यंत सगळं बरोबर आहे. चुकलेल्या मुलाला त्याचं किती बरोबर आहे ते आधी सांगणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतः तर नाहीच.

आता त्यांच्यावर आलेली वेळ सांगतो.

ते अजून मानधनावर होते. त्या वर्षाअखेरीस त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव जायचा होता, आणि संस्थेच्या अध्यक्षांची शिफारस असल्याशिवाय तो जागचा हलणार नव्हता. अध्यक्ष म्हणजे नानासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पुतण्यानं गणित घेऊन नुकतंच बी. एड. केलं होतं, आणि हे शाळेच्या शिपायालाही माहीत होतं.

त्यातच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. आठवीतल्या पायलच्या वहीचं पान. वर सरांचं समीकरण, आत चुकीची ओळ. खाली तिच्या वडिलांचा सवाल: "हे असं शिकवतात आमच्या मुलांना?" वडील म्हणजे बाजारपेठेतले कापडाचे शेठजी. दोन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घराणं, पण रागावले की आमच्यापेक्षा चोख मराठी बोलत. पायलनं पुढच्या पानावर खडा शोधून दुरुस्तीही लिहिली होती. पुढच्या पानाचा फोटो मात्र कोणी काढला नव्हता.

मुख्याध्यापकांनी शेठजींना बोलावून, सरांसमोरच, समजावलं की ही सरांची पद्धत आहे.

"पद्धत?" शेठजी म्हणाले. "मी दुकानात गिऱ्हाइकाला मुद्दाम फाटकं कापड दाखवू का?"

इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला नाही, शेठजी. पण नवा माणूस ठेवता, त्याला फाटकं ओळखायला कसं शिकवता?"

शेठजी उठले आणि तडक नानासाहेबांकडे गेले. नानासाहेबांनी जळगावहून शिक्षण खात्याचे एक साहेब बोलावले. साहेब वर्ग बघतील, त्यांच्यासमोर दूध का दूध होईल, असं ठरलं. सरांची शिफारस त्या एका तासावर येऊन थांबली.

आदल्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी त्यांना अक्षरशः हात जोडले. "सर, उद्या एक दिवस खडा टाकू नका. सरळ सोडवा, सरळ घरी या."

"खडा नसेल तर पोरं साहेबांसमोर नसलेला खडा शोधत बसतील, भाऊ. ते जास्त वाईट दिसेल."

"तुमची नोकरी आहे ही!"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आईला सांगितलंय, या वर्षी कायम होईन." एवढंच. मला वाटलं, ऐकलं यांनी.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मागच्या बाकांवर साहेब, नानासाहेब, शेठजी, मुख्याध्यापक आणि मी. माझा तिथे काही संबंध नव्हता. रजिस्टर देण्याच्या निमित्तानं शिरलो आणि बाकावर टेकलो. मुलं इतकी गप्प होती की डोक्यावरच्या पंख्याची करकर पहिल्यांदाच ऐकू आली. सरांनी खडू उचलला. पहिल्या ओळीत खडू मोडला. दुसरा घेतला. मग एकटाकी लिहीत गेले.

३(x − २) = x + ८
३x − २ = x + ८
३x − x = ८ + ६
२x = १४
x = ७

मला सगळंच बरोबर वाटलं. मला नेहमीच वाटतं.

साहेब मात्र गणिताचे होते. त्यांनी तळहातावर बोटानं काहीतरी केलं आणि मान डोलावली. "सात. बरोबर. पुढे चला."

शेठजींचा चेहरा उतरला. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे ना, साहेब? मग मिटलं. कशाला एवढं काहूर." माझ्या छातीवरचा दगड उतरला. खडा टाकला नव्हता तर! आता घंटा झाली की सर कायम.

पण सर फळ्याकडे बघत उभे होते. मुलांकडे पाठ, मान तिरपी. माणूस घराचं कुलूप उघडून आत जातो आणि आतलं सामान दुसऱ्याचंच निघतं, तसे उभे होते.

वर्गात कुजबुज सुरू झाली. सवयीनं मुलं खालून वर निघाली होती. पहिल्या बाकावरचा एक जण पुटपुटला, "चौदा बरोबर चौदा. खरी शे." त्याच्यावरची ओळ. "तीही खरी शे." मग दोन-तीन आवाज एकदम: "फुटली! दुसरी ओळ फुटली! एकोणीस आणि पंधरा!" साहेबांनी मान वर केली. शेठजी सावरून बसले.

आणि मग पायलनं हात वर केला.

मी खोकलो. माझा खोकला शाळेत प्रसिद्ध आहे. परीक्षेत मुलं त्याच्यावरून ओळखतात की मी कोणत्या बाजूनं येतोय. हा खोकला मी सरांसाठी सोडला होता. अर्थ एवढाच की घंटेला थोडा वेळ उरलाय, त्या पोरीला खाली बसवा. सरांनी तो ऐकला. वळून माझ्याकडे पाहिलं, थोडंसं हसलेही. मग म्हणाले, "बोल, पायल."

"सर, दुसरी ओळ फुटते. पण पहिली परत खरी होते. सात तिथे चालतो. पंधरा बरोबर पंधरा." बाप मागेच बसलेला. "एकदा फुटलं की वरपर्यंत फुटतं, असं तुम्ही सांगितलं होतं. मग मधली एकच ओळ खोटी कशी?"

नानासाहेब अधीर झाले. "अगं बाई, उत्तर बरोबर आहे ना? साहेबांनी सांगितलं."

सर साहेबांकडे वळले. हात जोडल्यासारखे एकमेकांत गुंतवले होते, आणि बोटांमध्ये खडू तसाच होता.

"साहेब," ते म्हणाले, "उत्तर बरोबर आलंय. म्हणजे माझ्याकडून चूक झालीय."

कोणाला काही कळेना. साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"मी रोज एक चूक मुद्दाम टाकतो. आजही टाकली. कंसाबाहेरच्या तीननं दोनाला गुणायचं सोडून दिलं. सहाच्या जागी दोन लिहिले. म्हणजे उत्तर पाच यायला हवं होतं, आणि पोरांनी पाच घेऊन वर जायचं होतं. पण सात आलं." त्यांनी पायलकडे खडू धरला. "म्हणजे दुसरी चूक आहे, ती मी टाकलेली नाही. ती तू काढ."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पायल फळ्याशी उभी होती. दुसऱ्या ओळीशेजारी तिनं ठिपका दिला. तो अपेक्षितच होता. मग तिचं बोट दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. पंखा करकरत होता. तिनं मागे वळून वडिलांकडे पाहिलं. शेठजी बाकावरून पुढे झुकून फळा वाचत होते, ओठ हलत होते. कापड बघणारी नजर ती, एकदा धागा धरला की सोडत नाही.

"वर दोन शे," ते स्वतःशीच म्हणाले, चोख मराठी विसरून, "मग खाले सहा कोठून उना?"

त्याच क्षणी पायलनं तिसऱ्या ओळीशेजारी ठिपका दिला. "दोन्ही बाजूंना दोन मिळवायचे होते. सरांनी सहा लिहिले."

वर्ग टाळ्या वाजवणार होता, पण सरांचा चेहरा बघून हात थांबले. ते खडूनं पांढऱ्या झालेल्या स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "तिथे खरा आकडा सहा आहे ना," ते हळू आवाजात म्हणाले. "हाताला तेच माहीत होतं. मी खडा टाकला, आणि हातानं परस्पर काढून टाकला. पण काढला तो चुकीच्या ओळीत. दोन चुका मिळून एक बरोबर उत्तर आलं. आजपर्यंत असं झालं नव्हतं. पोरांनो, याला जपा. हे सगळ्यात अवघड. उत्तर बरोबर असलं की कोणी वर चढत नाही."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिता, ही तक्रार खरी?"

"खरी."

"आणि आज ती चूकसुद्धा नीट करता आली नाही?"

"नाही आली, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी उठून पायलची पाठ थोपटली, सरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, सुटलो. पण साहेब जळगावला परत जाणार होते आणि शाळा एरंडोललाच राहणार होती. सही नानासाहेबांची होती.

शेठजी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. तक्रार मागे घेतो म्हणाले. नानासाहेबांनी त्यांना चहा पाजला. "तुम्ही मागे घ्याल हो. पण गावभर झालं ना? आधी म्हणत होते, मास्तर फळ्यावर चुकतो. आता म्हणतात, चुकायलाही चुकतो. मी कोणाकोणाला समजावू?" सरांनाही त्यांनी प्रेमानंच सांगितलं, "मास्तर, तुम्ही खरं बोललात, मला आवडलं." पण शिफारस गेली नाही. जूनमध्ये पुतण्या आला. चांगलं शिकवतो. त्याच्या फळ्यावर चूक नसते.

सरांच्या शेवटच्या तासाला मी पुन्हा रजिस्टरचं निमित्त काढून दाराशी उभा होतो. त्यांनी समीकरण सोडवलं, खडू ठेवला, हात झटकले. वर्ग खालून वर गेला. पुन्हा गेला. कोपऱ्यात दोघांचं भांडण लागलं. पायलनं सगळं वहीत उतरवून पाहिलं. घंटा व्हायला आली तेव्हा ती उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, यात खडा नाहीये."

"बघितलंस नीट?"

"दोन्हीकडून बघितलं. वरूनही."

सरांनी मान हलवली. "मग जेवा," म्हणाले, आणि फळा न पुसता बाहेर पडले.

एरंडोलच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. धुळ्याची गाडी लागली. त्यांनी पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं, "धुळेच ना?" पायरीवर चढून पुन्हा एकदा विचारलं, आणि खिडकीतून माझ्याकडे बघून असे हसले की मलाही हसावं लागलं. गाडी पारोळ्याच्या दिशेनं वळेपर्यंत ती तिरपी मान दिसत होती. पुढे शिंदखेड्याकडच्या एका शाळेत लागले. सुरुवातीला फोन व्हायचे, मग दिवाळीचे निरोप, मग एकदा मी पाठवलेल्या कोणाच्या तरी सुविचारावर त्यांचा अंगठा. नंतर काही नाही. स्टँडवरचं ते सरांचं शेवटचं दर्शन.

सांगून होईपर्यंत गौरीनं माझ्या दुसऱ्या ओळीशेजारी पेन्सिलनं एक ठिपका देऊन ठेवला होता. मी तो न पाहिल्यासारखं केलं.

सुनंदाची मेथी संपली होती. देठ गोळा करत ती म्हणाली, "एवढं वारल्यासारखं काय सांगताय त्यांचं? शिंदखेड्यालाच आहेत ना? दिवाळीपर्यंत सगळं बरोबर होतं म्हणता. मग तिथपर्यंतच मागे जायचंय. लावा फोन."